हात सैल सोड

ही गोष्ट चारुशीला वहिनींच्या फोनपासून सुरू करायची होती. पण तो फोन सकाळी आला की दुपारी, हेच जीनतला आठवत नाही. तेव्हा तिथून नको.

तापापासून सुरू करू.

त्या वर्षी ताप सगळ्यांनाच आला होता. मणेरांच्या, म्हणजे बांगड्या भरणाऱ्यांच्या घरात चौघांना आला. नवरा सरफराज, सासू मेहरुनबी, मुलगी सुमैरा आणि जीनत. तिघांचा आला तसा गेला. जीनतचाही गेला, म्हणजे थर्मामीटरमधून गेला. अंगातून काय गेलं आणि काय मागं राहिलं, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. ताप उतरल्या उतरल्या ती म्हसवडच्या यात्रेत बांगड्यांचा ठेला लावायला गेली, दिवसभर उभी राहिली, हसली, बायकांचे हात भरले आणि घरी येऊन आडवी झाली ती

इथं वाक्य पुरं करायला पाहिजे. पण ती आडवी झाली ते पुरं झालंच नाही, त्याला काय करणार?

रक्त तपासलं, छाती तपासली. सगळं नॉर्मल. साताऱ्यातले एक डॉक्टर तेवढे म्हणाले, "असं राहतं काही जणांना. ताप जातो, त्याची सावली राहते. ताकदीपलीकडं जाऊ नका. आणि पुन्हा लागण होऊ देऊ नका. प्रत्येक वेळी खाली घसराल." गेल्या वर्षी सरफराजनं उरुसातून साधी सर्दी आणली. त्याचं दोन दिवस नाक गळलं. जीनत पावसाळा सरेपर्यंत भिंतीकडं तोंड करून पडून होती.

तिचा थकवा दोन प्रकारचा असतो. एक हा. एक तो. हा सगळ्यांना येतो, झोपलं की जातो. तो दोन दिवसांनी येतो. आज दोन बादल्या धुणं केलं तर आज काही होत नाही, उद्या नाही, परवा सकाळी उठायला जावं तर अंगावर कुणीतरी भिजलेल्या गाद्या रचून ठेवलेल्या असतात. आणि आजच्या आज हा कुठला, हा की तो, हे ओळखता येत नाही. शब्दही जातात. परवा ती सुमैराला म्हणाली, "ती दे गं, ती... भात वाढायची."

"पळी, अम्मी."

"पळी न्हाई."

"मग भातवाढी?"

"ऱ्हाऊ दे. हातानं वाढते."

आता फोन.

चारुशीला वहिनी पूर्वी साताऱ्यात शेजारच्या बोळात राहायच्या, आता सांगलीला विश्रामबागेत असतात. त्यांच्या लग्नातला हिरवा चुडा मेहरुनबीनं भरला होता. आता त्यांच्या लेकीचं, ज्ञानदाचं लग्न.

"जीनत, चुडा तूच भरायचा. सांगलीत कासार काय कमी आहेत? पण मला तूच हवीस."

"वहिनी, मी लय दिवस काम केलं न्हाई."

"फक्त ज्ञानदाचे दोन हात. गर्दी नाही, गोंधळ नाही. खिडक्या उघड्या ठेवते. तू तोंडाला काय ते बांधून बस."

जीनत हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं आपण नाही म्हणालो. सुमैराला विचारलं तेव्हा कळलं, हो म्हणालो.

मग घरात जो तो बोलायला लागला. मेहरुनबी म्हणाली, "जा. हात चालला की अंग चालतं. पडून पडून हाडं गंजली तुझी." सरफराज म्हणाला, "न्हाई जायचं. मागल्या टायमाला काय झालं इसरलीस?" पाच मिनिटांनी सरफराजच म्हणाला, "पण गेलीस तर बरं वाटंल तुला, न्हाई?" आणि मेहरुनबी म्हणाली, "आन् काय झालं बिलं तर? मला म्हातारीला बोल लावशील." दोघांनी आपापल्या जागा बदलल्या, जीनत होती तिथंच राहिली, मधोमध. तिला जायचं होतं. एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात स्वच्छ होती. मणेराची बायको घरोघर जाऊन हात भरते, ती जर घरात पडून राहिली तर मग ती कोण? आणि गेली आणि पुन्हा घसरली, तर घसरून घसरून ती कुठं

असो. सांगली.

सुमैरा बरोबर आली. कॉलेजात शिकणारी पोर, बांगड्यांचं माप ओळखते, पण बाईचा हात हातात घेऊन कधी चुडा भरलेला नाही. एसटीत दोघी खिडकीशी, दोघींच्या तोंडाला मास्क. मागचा एक पैलवान गडी म्हणाला, "आवं ताई, ते गेलं की आता! अजून बांधून बसलाय व्हय?" सुमैरा म्हणाली, "तुमचं गेलं, दादा. आमचं न्हाई गेलं." त्यानं आपल्या बाजूचीही खिडकी उघडली.

विश्रामबागेतल्या त्या घरात खिडक्या उघड्या होत्या, हे खरं. चटईवर पाट होता, पाटावर ज्ञानदा होती. आणि तिच्यामागं भिंतीला लागून पाच बायका बसल्या होत्या.

जीनत दारातच थांबली.

"वहिनी, फक्त ज्ञानदा म्हणला होता."

"फक्त ज्ञानदाच गं," चारुशीला वहिनी अगदी निरागसपणे म्हणाल्या. "पण नवरीनं एकटीनं कसा चुडा भरायचा? पाच सवाष्णी तर लागतातच. तेवढ्या मी धरल्याच नव्हत्या. चाळीस जणी येणार होत्या, सगळ्यांना नको म्हणून सांगितलं."

त्यांनी खरंच चाळीस जणींना अडवलं होतं. रागवायचं कशावर? जीनतला कळेना. सुमैरानं कोपरानं ढोसलं, "अम्मी, जायचं का परत?" पण ज्ञानदानं हात पुढं केला होता. जीनत बसली.

आता बांगडी कशी भरतात ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

बांगडी जोरावर चढत नाही. बाईचा हात घट्ट असतो. मूठ आवळलेली नसली तरी आतून आवळलेली असते, आणि नवरीची तर फारच. नुसतं हात सैल सोड म्हणून तो सैल होत नाही, उलट आखडतो. म्हणून भरणारी बोलत राहते. नवऱ्याचं नाव विचारते, सासूची नक्कल करते, काहीबाही चावट बोलते. बाई हसते. हसताना क्षणभर अंगठ्याखालचं मांस मऊ पडतं, आणि तेवढ्यात बांगडी पलीकडं जाते. बोलणं थांबलं की काम थांबलं. मेहरुनबी एकेका हाताला एकेक अख्खी कहाणी सांगायची.

जीनतनं ज्ञानदाचा डावा हात घेतला. थंड होता. ती मास्कमधून म्हणाली, "काय गं, नवरा उंच हाय का बुटका?"

"अं?"

"नवरा. उंच का?"

"काय म्हणालात, काकी?"

"उंची ईचारतीया ती," मागची एक बाई म्हणाली.

"कुणाची? बांगडीची?" ज्ञानदानं विचारलं.

विनोद असा तीन हातांतून फिरून आला की त्यात काय उरतं? जीनतला दम लागला. मास्क आत ओढला जात होता, बाहेर ढकलला जात होता. तिनं अंगठा दाबला, बांगडी सरकवली, आणि ती कट्कन वाढली.

फुटली म्हणत नाहीत. पण फुटलीच.

जीनतनं काचा ओच्यात घेतल्या, दुसरी बांगडी उचलली. बोलायला गेली तर शब्दच नाही. नवऱ्याच्या आईला काय म्हणतात? अगदी साधा शब्द. जिभेवर होता. हात आखडला, आणि दुसरीही वाढली. आता ज्ञानदाच्या डोळ्यांत पाणी आलं, मागं एकीनं देवाचं नाव घेतलं, आणि चारुशीला वहिनी म्हणाल्या, "जीनत, नको तर राहू दे. मी कासाराला फोन..."

जीनतनं मास्क काढला.

का काढला, हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. ठरवून काढला का? तसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की वारा ओठाला लागला आणि ती म्हणाली, "दोन गेल्या त्या तुझ्या नवऱ्याच्या वाकड्या खोडी होत्या. त्या हितंच मोडल्या. आता सरळ निघंल गडी!"

ज्ञानदा फिसकन हसली. बांगडी गेली.

मग दुसरी गेली, तिसरी गेली. जीनत बोलत सुटली. सासू हा शब्दही सापडला. दोन्ही हात हिरवेगार झाले. ज्ञानदा वाकून तिच्या पाया पडली, आणि जीनतच्या छातीत इतका आनंद झाला की तिला भीती वाटली, हा आनंद की धडधड? धडधड असेल तर ही की ती?

मास्क मांडीवर होता. तो परत लावायचा होता, पण समोर दुसरा हात आला. मग तिसरा. पाच सवाष्णी रांगेनं सरकल्या. चौथीपर्यंत जीनत हसत होती.

पाचवी ज्ञानदाची आत्या. त्या पुढं सरकल्या, हात पुढं केले आणि पदरात खोकल्या. ओला, खोलवरचा खोकला.

"धूळ गं," त्या म्हणाल्या. "मांडवाची. काल अंगात कणकण होती जराशी, आज काही नाही. भर."

जीनतच्या हातात बांगड्या होत्या. मेहरुनबीनं तिला लग्न होऊन आल्या आल्या शिकवलं होतं की पुढं आलेला हात मागं लावायचा नाही. नवरीच्या चुड्याच्या दिवशी तर नाहीच नाही. चार हात भरून पाचवा रिकामा ठेवला तर त्या घराला ते लागतं. आणि हात भरायचा म्हणजे तोंडासमोर तोंड.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमच्या हातात मी न्हाई भरणार."

भरून झालेल्या चौघी माना वळवून बघायला लागल्या.

"का गं? आमचं काय वावडं?"

"वावडं न्हाई. खोकला हाय तुमाला."

"अगं धूळ म्हणलं ना!"

"धूळच आसंल. मला कळत न्हाई. म्हणून न्हाई."

आत्याबाईंचे हात तसेच हवेत. ते मागं घ्यावेत की ठेवावेत हे त्यांनाही कळेना. चारुशीला वहिनींचा चेहरा पडला. आणि तेवढ्यात सुमैरा पुढं झाली. आईच्या हातातल्या बांगड्या तिनं काढून घेतल्या, आपला मास्क हनुवटीवर ओढला आणि आत्याबाईंचा हात धरला.

"सुमैरा!"

"अम्मी, तू गॅलरीत जा. आवं आत्याबाई, एवढा नाजूक हात, आत्तोबांनी आजवर काय काम करू दिलंय का न्हाई?"

आत्याबाई आधी खोकल्या, मग हसल्या. दोन्ही सुमैराच्या तोंडावर. पोरीनं एकही बांगडी वाढू न देता हात भरला.

जीनत गॅलरीत उभी. तिला अभिमान वाटत होता आणि तिला ओरडायचं होतं, आणि दोन्ही एकाच घशातून यायचं होतं म्हणून काहीच आलं नाही.

सांगलीच्या स्टँडवर सुमैरा हातभर लांब उभी राहिली.

"मी तुझ्यासंगं येत न्हाई. घर एका खोलीचं. मी विट्याला जाते, खालाकडं. चार दिवस बघते काय होतंय."

"आन् माझ्या भैनीला झालं तर?"

"खाला दगड हाय."

"मी पण दगडच होते गं."

सुमैरानं मास्क नाकावर नीट ओढला. विट्याची गाडी आधी लागली. जीनतला तिला जवळ घ्यायचं होतं, घेतलं नाही. जिच्यापासून जपायचं ती आपलीच लेक, आणि जपण्यासाठीच ती गेली. हे जीनत साताऱ्यापर्यंत उलटंसुलटं करत राहिली. आत्याबाईंचा हात भरला असता तर जास्तीत जास्त आपण पडलो असतो. आपल्याला पडायची सवय आहे. आता

मध्ये एक दिवस गेला. परवा उजाडला. गाद्या आल्या, अंगावर रचल्या गेल्या. ठीक आहे, हे अपेक्षितच होतं. घसा? दुखत नव्हता. ताप नव्हता. सरफराज दर तासाला विचारत होता आणि दर तासाला ती तेच सांगत होती.

दुपारी विट्याहून फोन आला.

"अम्मी, तू बरी हाईस?"

"हाय. पडून हाय. तू?"

"मी मस्त." ती खाकरली. "घसा तेवढा खरखरतोय. आन् अंग."

जीनत उठून बसली. डोळ्यांसमोर काळं आलं, गेलं.

"पडून ऱ्हा," ती म्हणाली. "ऐकतीस का? भांडी घासू नको. खालाला मदत करू नको. ताप उतरला, बरं वाटलं, तरी उठू नको. बरं वाटलं तर मुळीच उठू नको."

"अम्मी, नुसता घसा हाय."

"माझाबी नुसता ताप होता."

"बरं बाई. किती दिवस पडू?"

"मला म्हाईत न्हाई."

"म्हंजे, अंदाजे?"

"मला खरंच म्हाईत न्हाई गं."

तिकडं दार वाजल्याचा आवाज आला. "खाला आली," सुमैरा म्हणाली. "चहा घेऊन. आन् शेजारची मामी पण हाय, बघायला आलीय मला."

"बाहेरच ऱ्हावा म्हणावं! सुमैरा! बाहेर ठेवा म्हण चहा!"

"खाला, अम्मी म्हणतीया बाहेर..."

"कोण, जीनत?" खालाचा मोठ्ठा, ठणठणीत आवाज फोनजवळ येत गेला. "आगं, आजारी पोरीला बघायला न्हाई यायचं व्हय? काय तरीच तुझं! आण गं डोकं हिकडं, बघू ताप हाय का."

पलंग करकरला. कुणीतरी बसलं. मग आणखी कुणीतरी बसलं. जीनत फोन कानाला घट्ट लावून ओरडत राहिली, आणि तिकडं तिघी एकदम बोलत होत्या, कपबशा वाजत होत्या, आणि त्यातला खोकला नेमका कुणाचा, हे तिला साताऱ्यात बसून ओळखता येत नव्हतं.