एकशेवीस-ऐंशीचा खांब

आरोग्य केंद्रात तिला सगळे 'एक्सप्रेस' म्हणायचे. घरोघरी जाऊन बीपी तपासायचं आणि आकडे टॅबलेटमध्ये भरायचे, हे काम बाकीच्या आरोग्यसेविकांना महिनाअखेरीपर्यंत पुरायचं; हिचं कधीच उरकलेलं असायचं. डॉक्टरसाहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, "हिच्याकडून शिका जरा." ती वरवर नाही-नाही म्हणायची आणि आतून फुगायची. कौतुकाला माणूस लवकर चटावतो, त्यात तिचा एकटीचा दोष नाही.

त्या दिवशी केंद्राच्या वरच्या खोलीत ट्रेनिंग होतं. शिकवायला आलेली मुलगी तिच्या लेकीच्या वयाची होती. प्रत्येकीसमोर लॅपटॉप, आणि त्यात तिनेच गेल्या महिन्यात भरलेले आकडे. त्यांचा ग्राफ काढायचा होता. जितक्या जणांचं बीपी सारखं, तितका तो खांब उंच.

एक्सप्रेसने बटण दाबलं आणि सवयीने हात वर केला. ग्राफ तिने नीट बघितलासुद्धा नव्हता.

"झालं? मग तुमचाच भिंतीवर दाखवू," ती मुलगी म्हणाली.

भिंतीवर चार-दोन बुटके खांब उगवले, आणि मधोमध एक खांब थेट छताला भिडला. एकशेवीस-ऐंशी. अख्ख्या वस्तीचं बीपी जणू एकाच शिंप्याने बेतलं होतं.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांना बाही वर करायला वेळ लागतो, मग दारातूनच 'बरं आहे ना?' विचारायचं आणि एकशेवीस-ऐंशी टाकून पुढे सटकायचं, हे खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. थोडंफार प्रत्येकीने केलंही होतं. भिंतीवर उघडी पडली ती मात्र एकटी.

"मशीनमध्ये काही बिघाड होता का?" मुलीने हळूच विचारलं. बिचारीने पळवाट काढून दिली होती.

"हो," एक्सप्रेस म्हणाली. "मशीनच बिघडलं होतं."

शेजारी बसलेली मैत्रीण तेच मशीन तिच्यासोबत आलटूनपालटून वापरायची. ती मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. ती गप्प राहिली, याचीच एक्सप्रेसला जास्त लाज वाटली. उरलेला दिवस तिने मान वर केली नाही.

त्या खांबात कोण कोण असेल, हे आठवत ती घरी निघाली, आणि केंद्राच्या जिन्यातच थबकली. तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या जाऊबाई. घरचंच माणूस म्हणून तिने त्यांच्यासाठी पिशवीतून मशीनही काढलं नव्हतं. जाता जाता मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि 'अगदी छान आहे' म्हणून मोकळी झाली.

घरी पोचताच, चपलाही न काढता तिने जाऊबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशेनव्वदच्या पुढे गेला. तिने थोडं थांबून पुन्हा लावला. तेच.

"वहिनी, गोळी घेताय ना?"

"कशाला? तूच म्हणालीस ना, छान आहे म्हणून. तेव्हाच बंद केली." जाऊबाईंनी तिचा उतरलेला चेहरा बघितला आणि त्याच तिची समजूत घालू लागल्या. "अगं, एवढं काय त्यात? मशीन बिघडलं असेल. तुझ्या बोटांइतका माझा त्याच्यावर भरवसा नाही."

"मशीन चांगलं आहे." तिने पट्टा सोडला. "नाडी धरून बीपी कळत नाही, वहिनी. मी तपासलंच नव्हतं. थाप मारली मी. उठा, आधी डॉक्टरांकडे जाऊ."

जाऊबाई उठल्या. बाही खाली केली, चपला घातल्या. दाराला कुलूप लावता लावता त्यांनी समोरच्या दाराकडे बघितलं.

"त्या आजींनीही गोळ्या बंद केल्यात," त्या म्हणाल्या. "त्यांना मीच सांगितलं होतं, माझ्या जावेचा शब्द आहे म्हणून."