साडेतीनच्या वर

"नाही जाणार," जितेंद्रने रिकामा हंडा गेटच्या कठड्यावर आपटला. "लाव पैज."

"लावली!" त्याचा मित्र जयराम म्हणाला. "महिनाभर माझ्या वाडीची केळी खाऊ देत वहिनी. पोटॅशियम साडेतीनच्या वर गेलं नाही, तर ही मिशी उतरवीन."

"तुझ्या मिशीचं काय लोणचं घालू? हरेल त्याने बायकोची मॅक्सी घालायची, नाकात नथ अडकवायची आणि बिल्डिंगच्या बाराही घरांत हंडा हंडा पाणी भरायचं. रविवारी. सगळ्यांसमोर."

टँकर अजून आला नव्हता. गेटपासून जिन्यापर्यंत हंड्यांची रांग लागली होती आणि तिच्या बाजूला माणसांची. आगाशी रोडवरच्या त्या बिल्डिंगचा पंप दोन वर्षं बिघडलेला होता, त्यामुळे दर रविवारी सगळे असेच खाली जमायचे आणि करमणुकीची सोय बहुतेक जितेंद्रच करायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीही मारली.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत त्याची बायको सुहासिनी पंचा वाळत घालत होती. तिने सगळं ऐकलं. चिमटा दाबता दाबता तिची बोटं आखडली, आणि दुसऱ्या हाताने तिने ती एकेक करून सोडवली.

श्रावणात तिला जुलाब-उलट्या झाल्या. चार दिवस सलाईन लावून नर्सिंग होममध्ये काढले. दुखणं गेलं, पण त्याच्याबरोबर अंगातलं पोटॅशियम जे गेलं ते परतायला तयार नव्हतं. आधी दोन पॉइंट आठ, मग दोन पॉइंट नऊ, मग परत आठ. पाय असे व्हायचे की जणू पिळून न झटकलेले कपडे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला बसावंच लागायचं. औषधाचं सिरप इतकं खारट-कडू की घोट घेतल्यावर चेहरा पाहून शेजारची पोरं हसायची. आणि बिल्डिंगमध्ये तिच्या रक्ताचा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारला जायचा.

"माझ्याविरुद्ध लावलीत?" दुपारी तिने विचारलं.

"तुझ्याविरुद्ध कशी लावीन गं? जयरामच्या केळ्यांविरुद्ध लावली. फार माजलाय तो."

ती हसली. जितेंद्रवर रागावणं तसं कठीणच. लग्नाच्या पंगतीत त्याने स्वतःच्या सासऱ्याच्या ताटात मिठाची जिलबी वाढली होती आणि सासराच त्याच्या बाजूने बोलला होता.

जयराम शब्दाचा पक्का. एक दिवसाआड सांडोरच्या वाडीतून स्कूटरला फणी लटकवून यायचा आणि खालूनच ओरडायचा, "वहिनी, स्कोअर वाढवा!" ती सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी एक अशी केळी खायची. पण केळं पडलं थंड. आजारपणातला खोकला अजून छातीत होता. मग त्यावर आधीपासून देत असलेल्या ज्येष्ठमधाच्या काढ्याचं प्रमाण जितेंद्रने वाढवलं.

हा काढा म्हणजे तिच्या बावीस वर्षांच्या संसारातलं एक आश्चर्य होतं. ज्या माणसाने कधी गॅस पेटवला नव्हता, तो सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमध ठेचून, उकळून, गाळून कप तिच्या हातात आणून द्यायचा. वर गोड लागतो म्हणून कांडी चघळायलाही ठेवायचा. खालच्या मजल्यावरच्या पॉलिनला तिने दोनदा तरी सांगितलं होतं.

"आमच्यात असा नवरा मिळाला ना, तर चर्चमध्ये मेणबत्ती लावतात गो," पॉलिन म्हणाली होती.

पैजेला दोन आठवडे होत आले होते. एका शनिवारी जिना चढताना सुहासिनीच्या छातीत काहीतरी पक्ष्यासारखं फडफडलं. जितेंद्र कामावर होता. ती एकटीच रिक्षा करून डॉक्टरबाईंकडे गेली.

डॉक्टरबाईंनी नाडी धरली, जीभ पाहिली, कागद चाळले.

"ज्येष्ठमध बंद केलंत ना?"

"का? बंद करायचं होतं?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो, त्यानेच तर होतंय हे सगळं. एवढं ज्येष्ठमध रोज पोटात गेलं, तर पोटॅशियम लघवीतून निघून जातं. तुम्ही कितीही केळी खा. मी मिस्टरांना सांगितलं की. गुरुवारी सिरपची चिठ्ठी न्यायला आले होते, काढ्याचं बोलले, तेव्हा. म्हटलं, आजपासून थेंबही नको, हृदयावर येईल."

"हो का," सुहासिनी म्हणाली. मग म्हणाली, "विसरले असतील."

"विसरतील कसे? दोनदा विचारलं त्यांनी. बंद केल्यावर किती दिवसांत आकडा वर येतो म्हणून."

बाहेर रिक्षावाला थांबला होता. ती पायरीवर तशीच उभी राहिली. गुरुवार तिला चांगला आठवत होता. गुरुवारी काढ्यात त्याने वेलचीही घातली होती.

संध्याकाळी जितेंद्र आला, हातपाय धुतले, खलबत्ता काढला. ठकठक सुरू झाली. ती ओट्यापाशी कोथिंबीर निवडत उभी राहिली. आत्ता सांगेल. आत्ता हात थांबवून म्हणेल, अरे हो, राहूनच गेलं.

"घे. गरम गरम पी," तो म्हणाला.

तिने कप घेतला. जितेंद्र टीव्हीसमोर गेल्यावर तिने काढा मोरीत ओतला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

"प्यायलीस?"

"प्यायले."

रविवारीही तसंच. सोमवारीही. सकाळचा कप, संध्याकाळचा कप. कांड्या ती पदरात बांधून कचऱ्यात टाकायची. रोज कप घेताना ती त्याच्या तोंडाकडे पाहायची. इतकं सरळ पाहायची की एकदा त्याने विचारलं, "काय गं, काही लागलंय का मिशीला?" तिने नाही म्हटलं. तिच्या मनाने रोज एक दिवस वाढवून दिला. आज नाही तर उद्या सांगेल. शेवटी खेळकर माणूस, दुष्ट नव्हे.

एका संध्याकाळी बाजारातून येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती नेहमीसारखी बसली. खरं तर बसायची तेवढी गरज आता राहिली नव्हती. पायांत थोडा जीव आला होता. पण ती बसली, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. जितेंद्र दोन पायऱ्या वर जाऊन परत आला.

"सुहास?"

 तो तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा हात तिच्या गुडघ्यावर होता.

"ऐक," तो म्हणाला. "एक सांगायचंय..."

तिने डोळे उघडले.

खालून जयरामची हाक आली, "काय जितूभाऊ! मॅक्सी शिवायला टाकली की वहिनींचीच होतेय?"

जितेंद्रने कठड्यावरून मान बाहेर काढली. "तूच माप देऊन ठेव, ढेरपोट्या! आठच दिवस राहिलेत!" हसत हसत तो वळला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. "चल, घरी काढा देतो. तरतरी येईल."

"काय सांगायचं होतं?"

"कुठे काय? हेच."

ती उठली. त्यानंतर तिने एक दिवसही वाढवून दिला नाही.

रिपोर्ट शनिवारी आला. तीन पॉइंट सात. जितेंद्रने तो कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"लॅबवाल्याची चूक असेल."

"डॉक्टरबाई म्हणाल्या, बरोबर आहे," सुहासिनी म्हणाली आणि कपाटातून फुलाफुलांची मॅक्सी काढून इस्त्रीला घेतली.

रविवारी बिल्डिंगची माणसं होतीच, शेजारच्या चाळीतलीही आली. जितेंद्र हरला तरी हरण्यातही मजा करणारा. मॅक्सी, नथ, डोक्यावर पंच्याची चुंबळ आणि चुंबळीवर हंडा. पहिल्या मजल्यावर त्याने मुरका मारला, दुसऱ्यावर ओव्या म्हटल्या. जयराम मिशीला पीळ देत पुढे चालला होता. शेजाऱ्यांची अकराही घरं झाली, तेव्हा जितेंद्र गेटवर टँकरच्या पायरीवर चढला.

"ऐका!" तो धापा टाकत म्हणाला. "तुम्हाला वाटतं मी बायकोविरुद्ध पैज लावली. अरे, मी आयुष्यात एक पैज जिंकलो नाही. मी म्हटलं, नाही जाणार, म्हणजे जाणारच! मुद्दाम लावली. तिच्यासाठी!"

टाळ्या पडल्या. पॉलिनने रुमालाने डोळे टिपले.

"आमचं पिंप राहिलंय," वरून, खिडकीतून सुहासिनी म्हणाली.

"वहिनींचं पिंप भरल्याशिवाय सुटका नाही!" जयराम ओरडला.

जितेंद्र हंडा घेऊन चढला. ओतला. परत उतरला. दुसरा, तिसरा. चौथ्याला ओव्या बंद झाल्या. सहाव्याला त्याला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसावं लागलं. सातवा ओतून त्याने पिंपात डोकावलं. तळाशी वीतभर पाणी.

तो वाकला. पिंपाच्या खालच्या नळाला रबरी पाइप लावलेला होता. पाइप बादल्यांच्या मागून मोरीच्या खिडकीबाहेर गेला होता. त्याने खिडकीतून पाहिलं. खाली पॉलिन आपल्या खिडकीत पाइपचं टोक धरून उभी होती.

"येऊ दे रे जितू! माझं अर्धंच भरलंय!"

अंगणात हशा उसळला. जितेंद्रही हसला, मनापासून, मांडीवर थाप मारून. त्याची अशी मस्करी कुणी केली नव्हती आजवर.

"वा गं! मला फसवलंस?" तो वळला. "केव्हापासून गळतंय हे?"

सुहासिनी मोरीच्या दारात उभी होती. ती हसत नव्हती.

"गुरुवारपासून," ती म्हणाली.

त्याचं हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, मग गेलं. नथ एका बाजूला लोंबत होती. त्याने तोंड उघडलं. ती सवयीने थांबली.

"जितूभाऊ, टँकर निघाला रे!" खालून हाक आली.

त्याने तोंड मिटलं. रिकामा हंडा उचलला, मॅक्सीचा घोळ मुठीत धरला आणि तो जिना उतरू लागला. नळ उघडाच राहिला होता. तिनेही तो बंद केला नाही.