एन्ग्रासियाने पाठीवर वाहिलेला पाटा

मी एक जुना दगडी पाटा आहे. एके काळी मला तीन पाय होते, आता अडीच आहेत. ग्वाटेमालाच्या डोंगरात, इशिल या आदिवासी लोकांच्या एका लहानशा वस्तीत माझा जन्म झाला.

मित्रांनो, मला गास्पारने घडवले. ओढ्याकाठचा काळा खडक तो महिनाभर छिन्नीने तासत होता. लग्नात त्याने मला एन्ग्रासियापुढे ठेवले आणि म्हणाला, "दागिना नाही गं माझ्याकडे. हाच घे."

ती हसून म्हणाली, "दागिना मीच उचलला असता. हा आधी आत नेऊन ठेव!"

रोज पहाटे ती माझ्यापुढे गुडघे टेकून बसायची. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका माझ्यावर वाटायची. तिची सासू माग्दालेना वस्तीभर सांगायची, "आमच्या सुनेचं पीठ म्हणजे लोणी." घरात मात्र म्हणायची, "जरा बारीक वाट बाई, मला दात नाहीत." त्या पिठाच्या भाकऱ्यांचा वास दारापर्यंत यायचा आणि मला माझा अभिमान वाटायचा.

मग युद्ध आले. रानात बंडखोर होते, शहरात सरकार, आणि मधे आम्ही. इशिल बोलणारा प्रत्येक जण शत्रू, असे सरकारने ठरवून टाकले. मग तो म्हातारा असो की तान्हे मूल.

१९८२ च्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी सैनिक आले. एन्ग्रासिया आपल्या दोन वर्षांच्या लेकीला, पेत्रोनाला, घेऊन वरच्या रानात सरपणाला गेली होती. गास्पार, माग्दालेना आणि थोरला मुलगा, सात वर्षांचा मिगेल, घरी होते. सैनिकांनी वस्तीत सापडलेल्या सगळ्यांना प्रार्थनाघरात कोंडले आणि आग लावली. ते आवाज मी तुम्हाला सांगणार नाही. त्रेचाळीस माणसे गेली. त्यांच्यातल्या एकाकडेही बंदूक नव्हती.

नंतर सैनिकांनी घरोघर मका जाळला, मडकी फोडली. हातोडा घेतलेला एक सैनिक माझ्यापुढे येऊन थांबला. तोही आमच्यासारखाच डोंगरातला, जबरदस्तीने भरती केलेला. तो म्हणाला, "साहेब, हा नुसता पाटा आहे."

"म्हणूनच फोड," अधिकारी ओरडला. "पळालेत ते खातील कशाच्या जिवावर?"

पहिल्या घावाने माझा पाय अर्धा तुटला. दुसऱ्याने कडेला तडा गेला. तिसरा घाव त्याने मातीत घातला आणि मागे न बघता निघून गेला.

दोन दिवस रानात लपून एन्ग्रासिया परत आली. जे सापडले, ते तिने आणि रानात पळून वाचलेल्या शेजारच्या बार्तोलोने पुरले. सैनिक पुन्हा येणार हे दोघांना ठाऊक होते. तिने पोरीला छातीशी बांधले, कपाळावरून ओझे वाहायचा पट्टा घेतला आणि मला पाठीवर उचलले.

"वेडी झालीस का?" बार्तोलो म्हणाला. "जीव वाचवायचा सोडून दगड कसला घेतेस?"

"पोरीला काय अख्खा मका चावायला देऊ, दादा? चल, वाट दाखव."

सहा वर्षे आम्ही रानात लपून काढली. हेलिकॉप्टरला धूर दिसू नये म्हणून चूल फक्त धुक्यात पेटायची. तिथे लपलेल्या अकरा कुटुंबांना मी एकटाच होतो. मका संपला तेव्हा माझ्यावर रानातली कंदमुळे वाटली गेली. मी लंगडत होतो, म्हणून एन्ग्रासिया तुटक्या पायाखाली चपटा दगड सरकवायची.

मग आम्ही रानातून खाली आलो, आणि पुढे काही वर्षांनी युद्ध थांबले. नवी घरे झाली, गावात विजेची चक्की आली. मी परसात पडलो. माझ्या खोलगट पाठीत पावसाचे पाणी साचायचे आणि कोंबड्या ते प्यायच्या. एन्ग्रासिया त्या सकाळबद्दल कुणाशीच बोलत नसे. खरे सांगतो, मला वाटले, आमची गोष्ट संपली.

त्या सकाळीला तीस वर्षे झाल्यावर त्या अधिकाऱ्यावर खटला उभा राहिला. एन्ग्रासियाने मला घासूनपुसून बसमध्ये चढवले.

"आजी, हा धोंडा कुठे नेताय?" बसवाला म्हणाला.

"कोर्टात. त्यालाही बोलायचंय."

अधिकाऱ्याचा वकील म्हणाला, तिथे वस्ती नव्हतीच, तो बंडखोरांचा तळ होता. एन्ग्रासिया तिच्या भाषेत बोलली आणि दुभाष्याने ते सर्वांना सांगितले. "साहेब, तळावर बंदुका सापडतात. तुम्ही पाटे फोडलेत. हे घाव बघा. माझा मिगेल याच्यावरचं पीठ खायचा. तो कुणाशी लढत होता?"

 अधिकाऱ्याला शिक्षा झाली. पण वर्षभरात वरच्या कोर्टाने काही चूक काढून ती रद्द केली. पेत्रोना रडू लागली.

"रडतेस काय?" एन्ग्रासिया म्हणाली. "मला अजून तोंड आहे. पुन्हा सांगेन."

खटला पुन्हा चालला आणि तिने पुन्हा सांगितले. पहिल्या शब्दापासून, एकही नाव न गाळता. पुन्हा शिक्षा झाली आणि या वेळी ती कायम राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकण्याआधी त्यांच्या अंगावरच्या खुणा कशाच्या, ते विचारा. आणि ज्यांनी सोसले ते बोलू लागले, तर उठून जाऊ नका. खोटे बोलणारे फार असतात, आणि त्यांना ऐकणारेही.

परवा शाळेतली मुले मला बघायला आली होती. एका मुलीने विचारले, "आजी, कोर्टात तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की!" एन्ग्रासिया म्हणाली. "म्हणून मी खुर्चीला घट्ट धरलं आणि बोलत राहिले."