शेऱ्याचा रकाना

प्राण्यांचे डॉक्टर बावीस वर्षं दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टकटक करत नोंदी ठेवत होते. त्यांची सून कॉम्प्युटरवालीच. लोकांना घरबसल्या लशींच्या तारखा बघता याव्यात, फोन नंबर बदलता यावेत म्हणून तिने दवाखान्याची वेबसाइट करून दिली. पण सासरे इथे लिहायचे, लोक तिथे बदलायचे, आणि दोन्हीकडचा मेळ काही बसेना. वारलेल्या बोक्याला लशीचं बोलावणं गेलं, तेव्हा तिने पदर खोचला.

"बाबा, दोन्ही डेटाबेस जोडते. इथलं तिथे जाईल, तिथलं इथे येईल. एकाच नोंदीत दोन्हीकडे वेगळं असेल तर ते यादीत पडेल. आपण बघून ठरवायचं."

"माझं लिहिलेलं कुठे जाणार नाही ना?"

"कुठेही जाणार नाही."

ते गावभर गेलं. सोमवारी सकाळी दहापासून फोन खणखणू लागला. डॉक्टर शेऱ्याच्या रकान्यात स्वतःपुरतं काहीबाही लिहून ठेवत. तो रकाना वगळायचं सून साफ विसरली होती, आणि आता ज्याचा त्याचा शेरा ज्याला त्याला घरी दिसत होता. 'कुत्रा गुणी. मालकाला आवरा.' 'ससा घाबरट नाही, घरात आरडाओरडा फार.' बहुतेक जण हसत होते. एकाने तर आपला शेरा छापून भिंतीवर लावल्याचं कळवलं. तरी सुनेने आधी जोडणी तोडली, रकाना वेबसाइटवरून उतरवला, मग यादी उघडली. एकेचाळीस नोंदी जुळत नव्हत्या. पहिलीच बाईंची.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. दर गुरुवारी बोक्याला घेऊन यायच्या. डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'बोका ठणठणित. बाईंना बोलायला माणूस हवं.' वेबसाइटवर बाईंनी ते खोडून लिहिलं होतं: 'बोका ठणठणीत. बाईही ठणठणीत. यापुढे तसदी देणार नाही.'

सुनेने पडदा सासऱ्यांकडे वळवला. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"बाबा, चूक माझी आहे. मी जाते त्यांच्याकडे."

"लिहिलं मी. दोघं जाऊ."

बाईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"खोटं लिहिलं असतं, तर मला एवढं लागलं नसतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माझी कीव येते हे मला ठाऊक नव्हतं."

"कीव?" डॉक्टर गडबडले. "अहो, गुरुवारी तुमच्यानंतर मी कुणालाच वेळ देत नाही. आता माझ्याबद्दल असा शेरा कुणी लिहून ठेवत नाही म्हणून... मलाही घरी बोलायला कोण आहे? ही दिवसभर ऑफिसात, मुलगा दौऱ्यावर."

सुनेला हे पहिल्यांदाच कळत होतं. बाई दारातून बाजूला झाल्या.

"बसा. आणि 'ठणठणीत' मधली वेलांटी ऱ्हस्व काढली होतीत. ती मी दुरुस्त केली."

बोलता बोलता सुनेने उरलेल्या चाळीस नोंदींचं रडगाणं गायलं. लशींची जुनी कार्डं काढायची, लोकांना फोन करायचे, कुठलं खरं ते ठरवायचं. तिला तर रजा नाही.

"माझं आयुष्य वह्या तपासण्यात गेलं," बाई म्हणाल्या. "उद्या येते. लाल पेन असेल ना?"

बाई आल्या त्या दवाखान्यातली कोपऱ्यातली खुर्चीच बळकावून बसल्या. चौथ्या दिवशी छापलेल्या यादीत नऊ नोंदी उरल्या. एका कुत्रीची जात, वय, पत्ता सगळं एकच. पण इथे नाव 'राणी', तिथे 'ढमी'. बाईंनी आधी नवऱ्याला फोन लावला, मग बायकोला, मग दोघांना एकदम.

"कुत्री कुठल्या हाकेला येते ते सांगा. तुमचं भांडण नंतर."

पलीकडून दोन हाका आल्या, आणि दुसरीला जोरात भुंकणं. डॉक्टर ससा हातात घेऊन तपासणीच्या खोलीतून डोकावले.

"काय ठरलं?"

"ढमी," बाई म्हणाल्या आणि 'राणी'वर लाल रेघ ओढली.