पंपातून येणारा टक्

जेद्दाच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर नुहानं दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची लांबलचक काचेची टाकी मांडली आणि तीत प्रवाळ वाढवायला घेतलं. सगळं छान जमलं होतं, पण टाकीचा डावा कोपरा काही तिला साथ देईना. तिथल्या मोठ्या दगडामागे गाळ साचायचा आणि दगडावरचं जांभळं प्रवाळ मलूल होत चाललं होतं. पाणी फिरवणारा पंप एकच, तोही जुना. त्याचा झोत त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नव्हता.

नवा पंप घ्यायला ती हातिमच्या दुकानात गेली. तो तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. त्यानं फळीवरून नारळाएवढा एक पंप उतरवला.

"खाला, हा घ्या. समुद्र लाजेल याच्यापुढे."

"पण हा पाणी एकाच दिशेनं फेकणार ना?"

"मग? पंप आहे, नाचणार थोडाच?"

"आणि समुद्रातलं पाणी कसं हलतं रे?"

हातिमनं डोकं खाजवलं. "खाला, मी पंप विकतो."

प्रश्न डोक्यात शिरला की नुहाला चैन पडत नसे. दुपारीच नवऱ्याला, सिराजला, घेऊन ती ओभुरला बहिणीच्या समुद्रकाठच्या घरी गेली आणि लाकडी धक्क्यावर चक्क पालथी पडून पाण्यात बघत राहिली.

"अगं ऊठ. लोकांना वाटेल मीच ढकलतोय तुला," सिराज म्हणाला.

"गप्प बसा हो. ते मऊ प्रवाळ बघा. इकडे झुकलं... थांबलं... आता तिकडे. एकसारखा मारा कुठेच नाही."

"लाट येते आणि जाते! हे मी घरी बसून सांगितलं असतं."

"मध्ये क्षणभर थांबते, हे सांगितलं असतंत?"

सिराजनं वाकून पाहिलं आणि मग बराच वेळ तोही वाकलेलाच राहिला.

नारळाएवढा पंप बाद झाला. नुहानं दोन लहान पंप घेतले आणि टाकीच्या दोन टोकांना समोरासमोर बसवले. एक चालायचा तेव्हा दुसरा विसावा घ्यायचा. मधूनच दोघे एकदम चालले की झोत एकमेकांवर आपटून पाणी वाट फुटेल तिकडे पळायचं. तिनं माशांचं बारीक खाणं सोडलं. कण भिरभिरत डाव्या कोपऱ्यात शिरले आणि दगडामागून गाळाचा ढग उठला. नुहा काचेला नाक लावून बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सिराज सोफ्यावर लवंडला, डोळा लागतो न लागतो तोच टाकीतून आवाज आला. टक्!

"नुहा, तुझा पंप दात वाजवतोय."

आवाज डावीकडून येत होता. नुहानं डावा पंप काढून दुकानात नेला. हातिमनं तो बादलीत चालवून पाहिला. हूं की चूं नाही. तरी त्यानं बदलून दिला. घरी आणून लावला आणि पुन्हा टक्!

"हा पण तसलाच," सिराज म्हणाला. "त्या पोरानं तुला बनवलं."

नुहानं हे फोनवर सांगितल्यावर हातिम स्वतःच घरी आला. खजूर आणि कॉफी समोर ठेवली, तरी त्यानं पेल्याला हात लावला नाही. आधी डावा पंप बंद केला. टक्. मग उजवा. टक्. शेवटी पाणी गाळणारं यंत्रसुद्धा बंद केलं. खोलीत इतकी शांतता पसरली की सिराजचा श्वास ऐकू यायला लागला.

टक्!

तिघांनीही माना वळवल्या. डाव्या दगडाखालून दोन लांब मिशा बाहेर आल्या, पाठोपाठ बोटाएवढी तपकिरी कोळंबी. तिची एक नांगी एवढी मोठी, की दुसऱ्याच कुणाची उसनी आणलीय असं वाटावं. तिनं वाळूचा एक ढीग बाहेर ढकलला आणि आत पळाली.

"दगडाबरोबर आली असणार," हातिम हळूच म्हणाला. "नांगी मिटते तेव्हा तीच वाजते. इतके दिवस गाळाखाली दडून होती. तुमच्या पाण्यानं तिचं घर उघडं पाडलं, खाला."

"मासे खाते का?"

"एखादा चिमुकला खाईलही. सांगा, पिंजरा लावून धरून नेतो."

नुहानं टाकीतल्या माशांकडे पाहिलं. बोलला तो सिराज. "राहू दे. माझी झोप तर गेलीच आहे, निदान कोण मोडतंय ते तरी बघू."

हातिमनं आता कुठे कॉफीचा पेला उचलला.

पंप पुन्हा सुरू झाले. पण डाव्या पंपाच्या झोतानं बिळाचं तोंड ढासळायला लागलं, तेव्हा नुहानं तो जरा वर वळवला. त्यामुळे दगडामागे थोडा गाळ उरतो. तो ती नळीनं ओढून काढते. जांभळ्या प्रवाळाला नवे कोंब आले आहेत. दुपारी सिराज उशी घेऊन सोफ्याच्या डाव्या टोकाला बसतो, आणि बराच वेळ आवाज आला नाही तर स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतो, "नुहा, आज ही गप्प का गं?"