नाव सांगेपर्यंत

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हणवून घ्यायला मला मुळीच कमीपणा वाटत नाही, मित्रांनो. तुमच्या घरातले चिमुकले फोन दिवसभर गाणी वाजवतात, वाजवू देत बापडे. माझ्याकडे एका अख्ख्या संघटनेचा आवाज आहे, आणि तो माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला काढता येत नाही.

ही संघटना भूल देणाऱ्या डॉक्टरांची. ऑपरेशन पार पडलं की घरचे लोक सर्जनचे पाय धरतात. ज्याने तेवढा वेळ रोग्याचा श्वास सांभाळला, तो मागच्या दाराने चहा प्यायला गेलेला असतो. रोग्याला त्याचा चेहराही आठवत नाही, कारण ओळख होते न होते तोच त्याला झोप लागते. अशा माणसांची आठवण ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

मला आणलं ते थोरल्या बाईंनी. संघटना त्यांनीच उभी केली, पहिल्या अध्यक्षही त्याच. मी तेव्हा असा काही दिसत होतो म्हणून सांगू! चकाकणारी लाकडी पेटी, वर रीळ फिरवायच्या दोन खुंट्या, समोर हिरवा दिवा. वजन इतकं की मला टेबलावर ठेवताना दोन डॉक्टर घामाघूम झाले. त्यातला एक कुरकुरला, "बाई, एवढं धूड कशाला? इतिवृत्त लिहितोय ना आपण?"

"लिहितोय, आणि कपाटात कोंबतोय," बाई म्हणाल्या. "तू वाचलंस का मागचं?"

त्याने काही वाचलं नव्हतं. मग बाईंनी प्रथा घालून दिली. पायउतार होणाऱ्या प्रत्येक अध्यक्षाने माझ्यासमोर बसायचं आणि आपल्या काळात भूल कशी दिली ते एक रीळ भरून सांगायचं. पहिलं रीळ बाईंचंच.

पुढे वर्षामागून वर्षं गेली आणि माझ्यासमोर एकेक खुर्ची बोलती झाली. जाळीच्या मुखवट्यावर ईथरचे थेंब कसे सोडायचे, वासाने स्वतःलाच गुंगी आली तर खिडकी कशी गाठायची, वीज गेल्यावर नुसतं नाडीवर बोट ठेवून रोगी कसा तारून न्यायचा, हे सगळं मी ऐकलं. एक जाडजूड डॉक्टर बोलता बोलता रडले. दुसरे इतके लाजरे की अर्धं रीळ नुसतं खाकरण्यात गेलं. मी कुणालाच घाई केली नाही. प्रत्येक रिळावर आणि त्याच्या पत्र्याच्या डब्यावर जाड पेनाने नाव घातलं जाई, आणि सभा संपली की तरुण डॉक्टर माझ्याभोवती कोंडाळं करत. मला वाटे, या खोलीत मानाचा पाहुणा असेल तर तो मीच.

पुढे माझ्याहून हलकी यंत्रं आली आणि मला सामानाच्या खोलीत नेलं. शेजारी मोडका पंखा, सत्कारातली प्लास्टिकची फुलं आणि कुठल्याशा परिषदेचा फाटका फलक. अध्यक्ष येत, जात, पण माझ्यासमोर कुणी बसत नसे. माझा रबरी पट्टा चिकट होऊन गळून पडला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण रिळांचे डबे माझ्याच मांडीशी होते, तेवढा धीर होता.

मग संघटनेने नवी जागा घेतली. जागा छान, पण लहान. जुन्या सामानाला एकच कपाट मिळणार होतं. आवराआवर करायला आले नाना. नाना म्हणजे थोरल्या बाईंचे चिरंजीव, स्वतः नावाजलेले भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. अंगाने काडी, स्वभावाने टापटिपीचे. आल्या आल्या त्यांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला आणि सोबत आलेल्या सचिवबाईंना म्हणाले, "घरी आईचे फोटो ढीगभर आहेत गं. आवाज मात्र कुठे नाही. तो इथे आहे. एकदा ऐकायचाय, मग डोळे मिटले तरी चालेल."

"डोळे मिटायची भाषा भूलतज्ज्ञाने करू नये," सचिवबाई म्हणाल्या. त्या नानांच्याच हाताखाली शिकलेल्या, त्यामुळे बोलायला घाबरत नसत.

दुसऱ्या दिवशी नाना एकटेच आले, आणि घात झाला. ज्या माणसाचा उभा जन्म सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवण्यात गेला, तो धूळ कशाने पुसणार? नानांनी कापूस घेतला, स्पिरिट घेतलं आणि एकेक रीळ, एकेक डबा असा पुसला की काय सांगू! आतल्या फितीला त्यांनी धक्का लावला नाही, तेवढं डॉक्टरी भान होतं. बाहेरची शाई मात्र बोळ्याबरोबर निघून गेली. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा सगळी रिळं लख्ख झाली होती आणि एकावरही नाव उरलं नव्हतं.

सचिवबाई आल्या तेव्हा नाना स्टुलावर बसून होते.

"नाना, हे काय केलंत?"

"निर्जंतुक केलं," नाना म्हणाले.

कार्यकारिणीचा निर्णय सरळ होता. ज्या रिळांची ओळख पटेल ती कपाटात जातील, बाकीची भंगारात. सचिवबाईंनी तो सांगितला तेव्हा त्यांनाही जड गेलं. आता एकच उपाय होता. सगळी रिळं वाजवायची आणि आवाजावरून माणूस ओळखायचा. पण माझा पट्टाच गळलेला. नानांनी मला उघडून आत डोकावून पाहिलं, पिशवीतून ऑपरेशनचा रबरी हातमोजा काढला, मनगटाची गोल कड कातरली आणि माझ्या चाकांवर चढवली. मित्रांनो, मी फिरलो! पट्टा जरा तंग होता, त्यामुळे सगळे थोर अध्यक्ष घाईत असल्यासारखे चिरक्या आवाजात बोलू लागले. सचिवबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि शेवटी सोडून दिला. मग नानांनी पट्टा जरा सैल केला, तेव्हा कुठे आवाज ताळ्यावर आले.

दुपारमागून दुपार आम्ही तिघं कामाला लागलो. "हा आमचा खाकऱ्या," नाना म्हणत. "हा गप्पिष्ट. याने मला रोग्याच्या घशात श्वासाची नळी घालायला शिकवलं." सचिवबाई नाव लिहून डबा बाजूला ठेवत. बातमी पसरली, तसे ड्युटी संपवून तरुण डॉक्टर येऊन जमिनीवर बसू लागले. पुन्हा माझ्याभोवती कोंडाळं जमलं. माझा हिरवा दिवा त्या दिवसांत जरा जास्तच उजळला असेल, तर तो माझा अपराध नाही.

शेवटी एकच रीळ उरलं. नानांनी हात पुसले, खुर्ची जवळ ओढली. रीळ सुरू झालं. एका तरुण बाईचा आवाज, भरभर बोलणारा, मध्येच हसणारा. नाना बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"ही आई नाही. आईचा आवाज घोगरा होता, सावकाश बोलायची. कुणी पाहुणी असेल." त्यांनी मला बंद केलं. "आईचं रीळ कधीच हरवलंय बहुतेक. हे टाका भंगारात."

माझा जीव कासावीस झाला. मला माहीत होतं ना! मला आणणाऱ्या थोरल्या बाई त्या याच. पण मी जन्मभर दुसऱ्याचंच बोलतो, स्वतःचा एक शब्द मला येत नाही. रीळ माझ्यावरून उतरवायला नानांनी हात पुढे केला.

सचिवबाईंनी तो धरला. "नाना, रोगी जागा होऊन स्वतःचं नाव सांगेपर्यंत त्याच्याजवळून उठायचं नाही. हे मला कुणी शिकवलं?"

"मी. मला आईने."

"मग हे रीळ अजून संपलेलं नाही. बसा."

नाना बसले. मी फिरू लागलो. बाईंचं भाषण संपलं, पण मला बंद करायला त्या विसरल्या होत्या. खुर्ची सरकली. पावलं वाजली. मग तोच आवाज लांबून आला, हळू, मऊ.

"झोपलास होय रे बाकावर? ऊठ बघू. डोळे उघड. नाव काय तुझं?"

पेंगुळलेला, लहानसा आवाज म्हणाला, "भोपळ्या."

"शाब्बास. आता घरी जायला हरकत नाही."

काडीसारखे नाना दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते. सचिवबाईंनी विचारलं, "नाना, भोपळ्या कोण?"

"मी," नाना म्हणाले. "तिच्याशिवाय मला त्या नावाने कुणी हाक मारली नाही. मी म्हातारी आई शोधत होतो गं. ती तरुण होती, हे मी विसरूनच गेलो."

आता मी नव्या जागेत दाराशीच आहे, येणाऱ्याला पहिला दिसतो. अध्यक्ष पुन्हा माझ्यासमोर बसू लागलेत. रिळांवरची नावं सुईने कोरून घातली आहेत, आणि स्पिरिटची बाटली सचिवबाईंनी कुलपात ठेवली आहे.

तुमच्याही घरात, शाळेत, कचेरीत असा एखादा जुना आवाज धूळ खात पडला असेल. त्याची धूळ जरूर पुसा, पण जपून. आणि तो कुणाचा ते कळलं नाही म्हणून लगेच फेकून देऊ नका. त्याच्याजवळ बसा. तो स्वतःचं नाव सांगेपर्यंत उठू नका. कोण जाणे, तो तुमचंच नाव सांगेल.