तडजोडीच्या टेबलावरची चादर

सरकारी इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना आहे. तिथल्या दोन पाळ्यांच्या बायका एकमेकींशी बोलत नसत. म्हणजे शिव्याही देत नसत, इतकं वैर. सकाळची पाळी छत्रीवाल्यांची, दुपारची शिडीवाल्यांची. छत्री आणि शिडी ही पक्षांची चिन्हं. बायकांनी त्यांचे बिल्ले छातीवर असे लावले होते की जन्मतःच तिथं उगवले असावेत.

सकाळच्या पाळीची म्होरकी थोरली, दुपारच्या पाळीची धाकटी. दोघी सख्ख्या जावा. एका घरात राहायच्या, एका नळावर भांडी घासायच्या, आणि गेल्या निवडणुकीपासून फक्त सासूमार्फत बोलायच्या.

"आई, त्यांना सांगा, दार ढकलून घ्या म्हणावं."

"आई, त्यांना सांगा, हात त्यांनाही आहेत म्हणावं."

सासू एकदा भडकली. "माझं तोंड आहे का टपालपेटी? उद्या तुमचे दोन्ही साहेब एका गाडीतून हिंडले, तर कुणाच्या तोंडाकडे बघाल?"

म्हातारी बरोबर बोलत होती. पण घरातल्या म्हातारीचं आणि भिंतीवरच्या पालीचं कोण ऐकतं?

त्या दिवसांत देशाची तिजोरी रिकामी झाली होती. जुन्या कर्जाचे हप्ते फेडायला नवं कर्ज हवं, आणि त्याला सभागृहाची मंजुरी हवी. छत्रीवाले म्हणायचे, मंजुरी देतो, पण खर्च तुमच्या माणसांचा कापू. शिडीवाले म्हणायचे, तुमच्या माणसांचा का नको? आठवडेच्या आठवडे बाकं बडवणं चाललं. इकडं इस्पितळाचे पगार थांबले, साबण थांबला, जखमेवर बांधायच्या पट्ट्या थांबल्या. पुढाऱ्यांचा चहा थांबल्याचं काही ऐकिवात नाही.

मग तडजोड झाली. टीव्हीवर दोन्ही साहेबांनी गळाभेट घेतली. देश वाचला, असं सांगितलं. कुणापासून वाचला, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची वेळ झाली. धुलाईखान्यात इस्त्रीचा मोठा तापलेला रूळ आहे. तो पाळी बदलताना बंद करत नाहीत, कारण पुन्हा तापायला फार वेळ लागतो. म्हणून सकाळच्या पाळीची शेवटची चादर दोन्ही पाळ्यांनी मिळून रुळात घालायची रीत आहे. एक टोक जाणारीनं धरायचं, दुसरं येणारीनं. थोरली आणि धाकटी रोज ती चादर धरायच्या आणि रोज वेगवेगळ्या भिंतींकडं बघायच्या.

चादर अर्धी आत गेली होती, तेवढ्यात छत्रीचा कार्यकर्ता मिठाईचा डबा घेऊन जिना उतरला.

"वहिनी, तोंड गोड करा! तुमची मागणी साहेबांनी मान्य करून घेतली. दुपारची पाळी बंद!"

मागच्या सभेत थोरलीनं उठून सांगितलंच होतं, की दुपारच्या पाळीला माश्या मारण्यापलीकडं काम नसतं, कापायचं तर तिथं कापा. टाळ्याही पडल्या होत्या.

कार्यकर्त्याचं वाक्य संपतंय तोवर त्याच जिन्यावरून शिडीचा कार्यकर्ता उतरला. त्याच्याही हातात डबा. त्याच दुकानातला.

"ताई, जिंकलो! तुम्ही सभेत म्हणाला होतात ना, सकाळची पाळी नुसती खुर्च्या तापवते? बंद करून दाखवली."

दोन्ही पाळ्या उभ्या होत्या. थोरलीनं हिशेब मोठ्यानं केला.

"दुपारची बंद. सकाळचीही बंद. मग चादरी कोण धुणार, तुझा काका?"

छत्रीवाला म्हणाला, "ते काम ठेकेदाराला दिलंय. तुमचंही म्हणणं राहिलं, त्यांचंही राहिलं. यालाच तर तडजोड म्हणतात."

"ठेकेदार कुणाचा?" धाकटीनं विचारलं.

"दोघांनाही चालणारा," शिडीवाला म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून त्यानं जीभ चावली.

जळका वास सुटला. दोघींच्या हातातली चादर रुळात अडकली होती. धाकटीनं ती ओढून काढली. मधोमध इस्पितळाच्या ताटाएवढा काळा डाग पडला होता.

"माझ्या पाळीवर उठलीस?" थोरली म्हणाली. कित्येक दिवसांतलं तिचं पहिलं सरळ वाक्य.

"आणि तुम्ही काय माझी आरती ओवाळलीत, जाऊबाई?"

थोरलीनं ती चादर चिंध्यांच्या ढिगावर टाकली. मग तिनं कार्यकर्त्यांच्या हातातले दोन्ही डबे काढून घेतले.

"हे राहू देत. पगार थांबलेत, पोरं खातील. तुम्ही निघा."

पुढच्या आठवड्यात इस्पितळाच्या आवारात साहेब लोकांचा ऐक्याचा मेळावा ठरला. आजाऱ्यांच्या साक्षीनं तडजोडीच्या करारावर सह्या करायच्या, फोटो काढायचे. मुकादम खाली निरोप घेऊन आला, "मंचावर आणि टेबलावर अंथरायला पांढऱ्याशुभ्र चादरी हव्यात. कडक खळीच्या. तेवढं शेवटचं काम करा बायांनो, मग कुलूप लावायचंय."

"करतो की," धाकटी म्हणाली. तिचा इतका गोड आवाज ऐकून मुकादमाला धास्ती वाटायला हवी होती.

दोन्ही पाळ्या एकत्र कामाला लागल्या. चांगल्या चादरी वर आजाऱ्यांच्या खाटांवर गेल्या. मंचासाठी त्यांनी चिंध्या करायला बाजूला टाकलेल्या काढल्या. त्या पुन्हा उकळल्या, खळ दिली, रुळातून काढल्या. कागदासारख्या कडक झाल्या. डाग मात्र जसेच्या तसे. ऐन वेळी बायकांनीच त्या मंचावर नेऊन अंथरल्या.

दोन्ही साहेब मंचावर चढले आणि टेबलापाशी थबकले.

"हे काय आहे?" छत्रीच्या साहेबांनी विचारलं.

मंचाखालून थोरली म्हणाली, "चादरी आहेत, साहेब. स्वच्छ धुतल्यात, हुंगून बघा. डाग जात नाहीत त्याला आम्ही काय करणार? हा कडेचा बाळंतिणीचा. हा यंत्रात बोटं गेलेल्या माणसाचा. आणि हा मधला जळका, तो तुमचा."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. फोटोवाले पुढं सरकले.

शिडीच्या साहेबांनी आवाजाला लोणी लावलं. "ताई, देशावर कर्ज आहे. प्रत्येकानं थोडं थोडं सोसायला हवं."

"सोसू की," धाकटी म्हणाली. "आधी तुमचं थोडं दाखवा. आमचं तर सगळंच गेलं. कर्ज काढताना आम्हाला विचारायला आला होतात? त्या पैशातला एक दिवा आमच्या तळघरात लागला नाही. खाताना तुमचा पक्ष आणि त्यांचा पक्ष, फेडताना तेवढा आपला देश?"

"अहो, पाळ्या बंद करा म्हणून तुम्हीच सभेत ओरडत होतात!" छत्रीचे साहेब खेकसले. "तुम्ही दोघीही!"

ते खरं होतं. बायकांच्या माना क्षणभर खाली गेल्या. थोरलीची गेली नाही.

"ओरडलो. अक्कल तुमच्याकडं गहाण ठेवून ओरडलो. आता सोडवून आणलीय. धुलाईखाना बंद होणार नाही. सह्या करायच्या तर याच चादरीवर करा."

"उचला त्या चादरी!" साहेब मुकादमावर ओरडले. मुकादम पुढं झाला, तर बायका त्याच्या आधी मंचावर चढल्या. थोरलीनं टेबलावरची चादर हिसडली. सह्यांची पेनं घरंगळत खाली गेली.

"धर गं टोक," ती म्हणाली.

धाकटीनं टोक धरलं. सगळ्यांसमोर दोघींनी चादर ताणली, झटकली, टोकाला टोक जुळवत एकमेकींजवळ आल्या. या वेळी कुणी भिंतीकडं बघितलं नाही. मंचावर भिंतही नव्हती म्हणा. घडी काखोटीला मारून त्या तळघरात उतरल्या, मागोमाग दोन्ही पाळ्या. आतून कडी लागली. थोड्या वेळानं रुळाची घरघर वर आवारात ऐकू येऊ लागली.

मुकादम कुलूप घेऊन जिन्यापाशी आला. खालच्या पायरीवर मेळावा बघायला आलेली सासू बसली होती, दाराला पाठ टेकवून, पाय पसरून.

"आजी, बाजूला व्हा. वरून हुकूम आहे."

"कुणाचा रे? छत्रीचा का शिडीचा?"

"दोघांचा."

"मग दोघांना पाठव," म्हातारी म्हणाली. "एकट्याच्यानं मी हलायची नाही."